लाखोळीची डाळ : एका बंदीचा इतिहास

‘आहार व पोषण’ हा धडा शिकवताना आपण मुलांना सांगतो, की रोजच्या जेवणात डाळ असलीच पाहिजे. डाळीत प्रथिने असतात आणि प्रथिनांमुळे शरीराची वाढ व झीज भरून येते. मुले हे वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितातही. पण एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, की ‘बाई, आमच्या घरी रोज डाळ परवडत नाही, मग काय करायचे?’ तर धड्यात त्याचे उत्तर नसते.

नागपूर आणि त्याच्या पूर्वेकडच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भाताच्या पट्ट्यात या प्रश्नाचे एक जुने उत्तर होते. ते म्हणजे लाखोळीची डाळ. कुणी तिला लाख म्हणते, कुणी लाखोरी. हिंदी मुलखात ती खेसारी आणि छत्तीसगडात तिवडा. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव लॅथायरस सॅटायव्हस. तूर, हरभरा, मूग यांच्यापेक्षा ती नेहमीच स्वस्त राहिली. तिच्यात प्रथिनांचे प्रमाण २५ ते ३० टक्के, म्हणजे तुरीपेक्षाही जास्त. आणि तरीही १९६१ साली कायद्याने तिच्या विक्रीवर बंदी घालण्याची तरतूद झाली. स्वस्त, पौष्टिक आणि तरीही निषिद्ध, असे का? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर वैद्यक, रसायनशास्त्र, शेती आणि गरिबी या चारही विषयांतून जावे लागते.

न नांगरता येणारे पीक

प्रथम हे पीक कसे येते ते पाहू. पूर्व विदर्भात धानाचे पीक उभे असतानाच, कापणीच्या पंधरा-वीस दिवस आधी, ओल्या बांधीत लाखेचे बी फेकून देतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, खत नाही, वेगळे पाणी नाही. धान कापून नेईपर्यंत बी रुजलेले असते. जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर आणि हिवाळ्यातल्या दवावर ते वाढते आणि फाल्गुनाच्या सुमारास काढणीला येते. सुरुवातीला चिखल व साचलेले पाणी आणि नंतर कडक कोरड, अशी दोन्ही टोके सहन करणारे कडधान्य फार थोडे. लाख त्यांतले एक आहे. शेंगवर्गीय असल्यामुळे तिच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नायट्रोजन जमिनीत स्थिर करतात व पुढच्या धानाला त्याचा फायदा होतो. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते आणि भूस गुरांना जातो.

ज्याच्याकडे बैलजोडी नाही, विहीर नाही, त्यालाही हे पीक घेता येते. म्हणून ते गरिबाचे पीक झाले. आणि इतर सगळी पिके बुडाली तरी ते तग धरते, म्हणून ते दुष्काळाचे पीक झाले. या दुसऱ्या गुणातच पुढच्या दुःखाचे मूळ आहे.

सागरच्या खेड्यातली गोष्ट

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला माहीत असलेला विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी सागर भागात हिंडत असे. त्याचे प्रवासवर्णन १८४४ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्याने एका खेड्याची हकीकत नोंदवली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पावसाने दगा दिला, १८३१ साली पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षे गव्हाबरोबर शेतात आलेली तिवडा मात्र जोमाने वाढली. लोकांनी तीच खाल्ली. दुसरे काही नव्हतेच. १८३३ साली गावातली तिशीच्या आतली माणसे एकाएकी कमरेखाली लुळी पडू लागली. दोन वर्षांत गावातील निम्म्या तरुणांना हा विकार झाला, असे तो लिहितो. गावकऱ्यांना कारणाबद्दल शंका नव्हती. त्यांनी तिवड्याकडेच बोट दाखवले.

सागरचा हा मुलूख पुढे १८६१ साली नागपूर प्रांताला जोडला गेला व मध्य प्रांत तयार झाला. त्याची राजधानी नागपूर. म्हणजे लाखेचा सगळा पट्टा, सागरपासून रायपूर-भंडाऱ्यापर्यंत, एकाच कारभाराखाली आला. उत्तरेकडे अलाहाबाद जिल्ह्यातही जेम्स अर्व्हिंग या डॉक्टरांनी १८६० च्या सुमारास अशाच लंगड्या माणसांच्या नोंदी केल्या.

अर्थात ही माहिती इंग्रजांनी प्रथम शोधली असे नाही. आयुर्वेदात ‘कलायखंज’ नावाच्या विकाराचे वर्णन आहे. कलाय म्हणजे वाटाण्यासारखे कडधान्य आणि खंज म्हणजे लंगडा. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात त्रिपुट नावाच्या कडधान्याने माणूस पंगू होतो, असे सांगितले आहे. युरोपातही हे ठाऊक होते. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ साली पावात या दाण्याचे पीठ वापरण्यास मनाई केली होती. १८११-१२ मध्ये माद्रिद शहरात दुष्काळ पडला, तेव्हा भुकेले लोक याच दाण्यांच्या लापशीवर जगले. गोया या चित्रकाराने ते दृश्य एका मुद्राचित्रात कोरून ठेवले आहे. इटलीतील कांतानी या वैद्याने १८७३ साली या रोगाला ‘लॅथायरिझम’ असे नाव दिले.

रोग नेमका काय आहे?

या रोगात मृत्यू येत नाही, बुद्धी शाबूत राहते, हातही बहुधा चांगले राहतात. पायांचे स्नायू मात्र ताठरतात. मेंदूकडून पायांना हुकूम पोहोचवणाऱ्या चेतापेशींना इजा झाल्यामुळे हे घडते. सुरुवातीला पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड होतात. मग माणूस चवड्यांवर, गुडघे आत वळवून, कात्रीसारखे पाय एकमेकांपुढे टाकत चालू लागतो. डॉक्टरांनी रोगाच्या पायऱ्याही काठीवरून पाडल्या आहेत : बिनकाठीची अवस्था, एक काठी, दोन काठ्या आणि शेवटी सरपटणे. झालेले नुकसान भरून येत नाही. बळी पडणाऱ्यांत कष्ट करणारे तरुण पुरुष अधिक. अंगमेहनतीवर पोट असलेल्या घरातला कर्ता माणूस असा बसला, की त्या घराचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

पण लाख खाणारा प्रत्येक जण लंगडा होत नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे. शेकडो वर्षे लाखो लोक ती खात आले आहेत. निरनिराळ्या साथींच्या नोंदी एकत्र ठेवल्या, तर एक सूत्र दिसते. एकूण आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग लाखेचा असेल आणि असे दोन-तीन महिने किंवा जास्त काळ सतत चालले असेल, तेव्हाच साथ उद्भवते. भाताबरोबर वाटीभर वरण म्हणून लाख खाणे वेगळे आणि भात-पोळीच्या जागी लाखेचीच भाकर खाणे वेगळे.

मग लाखेचीच भाकर कोण खातो? एक, दुष्काळात सापडलेला माणूस. दुसरा, ज्याला दुसरे धान्य मिळूच दिले जात नाही तो. मध्य प्रदेशातील रीवा भागात शेतमजुरांना, त्यातही कर्जापायी बांधल्या गेलेल्या मजुरांना, मजुरी पैशांत न देता खेसारीच्या दाण्यांत देण्याची रीत होती. मालक गहू विकायचा आणि मजुराला खेसारी मोजून द्यायचा. रीवाच्या महाराजांनी १९०७ सालीच तिच्यावर बंदी घातली होती, पण मजुरीची पद्धत बदलली नाही. १९६४ साली द्विवेदी व प्रसाद या संशोधकांनी रीवा जिल्ह्याची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार त्या एका जिल्ह्यात रोग्यांची संख्या सुमारे २५ हजार होती.

दुसऱ्या महायुद्धातले उदाहरण तर फारच बोलके आहे. युक्रेनमधील व्हाप्निआर्का येथे रुमानियन अधिकाऱ्यांनी चालवलेल्या छळछावणीत १९४२-४३ च्या हिवाळ्यात ज्यू कैद्यांना गुरांसाठी असलेली लाख खायला घातली. काही आठवड्यांतच शेकडो कैद्यांचे पाय गेले. त्यांच्यातच आर्थर केस्लर नावाचे डॉक्टर कैदी म्हणून होते. त्यांनी रोग ओळखला व त्याचे कारण अन्नात आहे हे दाखवून दिले. धान्य तेच आणि रोगही तोच. रीवात काय, व्हाप्निआर्कात काय, काय खायचे हे ठरवण्याचा अधिकार खाणाऱ्याच्या हाती नव्हता.

विषाचा शोध

रोग लाखेमुळे होतो हे लोकांना ठाऊक होते. पण लाखेतल्या कशामुळे, हे सांगता येत नव्हते. शोधाची ही वाट बरीच वाकडी आहे आणि विज्ञान कसे चालते हे मुलांना दाखवण्यासाठी ती चांगली आहे.

१९२५ साली काही संशोधकांनी असे मत मांडले, की दोष लाखेचा नसून तिच्यात मिसळणाऱ्या ‘अकटा’ या तणाच्या बियांचा आहे. हे मत पुढे टिकले नाही. नंतर प्रयोगशाळेत उंदरांना लाखेच्याच कुळातल्या, बागेत फुलांसाठी लावतात त्या ‘स्वीट पी’च्या बिया चारण्यात आल्या. उंदीर आजारी पडले, पण त्यांची हाडे वाकडी झाली. १९५४ साली त्या बियांतील विषही वेगळे काढण्यात आले. परंतु माणसाच्या रोगात हाडांना काहीच होत नाही. म्हणजे वनस्पती दुसरी, प्राणी दुसरा, विष दुसरे आणि रोगही दुसरा. नावे सारखी असली की केवढा घोटाळा होतो, त्याचा हा नमुना.

अखेर १९६४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखेच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिलांना ते टोचल्यावर पिलांना झटके आले व त्यांच्या माना वाकड्या झाल्या. या पदार्थाला पुढे थोडक्यात ‘ओडॅप’ असे नाव पडले. प्रथिनांत आढळणाऱ्या नेहमीच्या अमिनो आम्लांत तो मोडत नाही. दाण्यात तो सुटा असतो.

ओडॅपची घडण ग्लुटामेट या पदार्थासारखी आहे. आपल्या मज्जासंस्थेत एका पेशीचा निरोप दुसऱ्या पेशीला देण्याचे काम ग्लुटामेट करते. ओडॅप त्याच्या जागी जाऊन बसतो व पेशीला सतत उद्दीपित करत राहतो. अखंड दार ठोठावल्यासारखे. पेशी थकते आणि मरते. १९८६ साली पीटर स्पेन्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून या पदार्थाचा रोगाशी संबंध असल्याचा पुरावा दिला. तरीही सर्व कोडी सुटली आहेत असे नाही. हाच ओडॅप चिनी औषधांत वापरल्या जाणाऱ्या एका जिनसेंगमध्येही असतो व तेथे तो रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरला जातो. सारखीच लाख खाणाऱ्या दोन माणसांपैकी एकालाच रोग का होतो, याचे पूर्ण उत्तर अजून हाती आलेले नाही.

अर्धे उत्तर मात्र उरलेल्या जेवणात सापडते. लाखेत गंधकयुक्त अमिनो आम्ले, म्हणजे मेथिओनिन व सिस्टीन, फार कमी असतात. चेतापेशीला विषाशी झुंजताना याच पदार्थांची गरज लागते. तांदूळ, गहू, ज्वारी यांत ती तुलनेने अधिक असतात. इथिओपियात लाखेमुळे मोठी साथ आली होती. तेथील अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत लाखेबरोबर पुरेसे तृणधान्य मिसळले जात होते, त्यांना रोगाचा धोका कमी होता, असे त्यात दिसले. आपल्या डाळ-भाताचे शहाणपण येथेही उपयोगी पडते.

दुर्दैव असे, की पाण्याचा ताण पडला म्हणजे लाखेच्या दाण्यात ओडॅपचे प्रमाण वाढते. म्हणजे ज्या वर्षी माणूस निव्वळ लाखेवर येतो, नेमके त्याच वर्षी ती अधिक विषारी असते.

आधी बंदी, मग कारण, मग उपाय

आता तारखा एकापुढे एक ठेवून पाहा. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालचा. त्याखालील नियमांत १९६१ साली ४४-अ हा नियम आला. राज्य सरकार ठरवील त्या तारखेपासून त्या राज्यात खेसारी, तिची डाळ, तिचे पीठ किंवा तिचे मिश्रण विकता येणार नाही, असे त्याने ठरवले. विष वेगळे काढले गेले १९६४ साली. आणि हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील नागराजन, मोहन आणि गोपालन यांनी ते घरच्या घरी कसे कमी करता येईल याची पद्धत प्रसिद्ध केली १९६६ साली. ओडॅप पाण्यात विरघळतो. त्यामुळे डाळ भरपूर गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी ओतून दिले, किंवा अख्खा दाणा उकडा तांदळासारखा उकडून वाळवला, तर विषाचा बराच मोठा भाग निघून जातो.

बंदी घालणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्यासमोर रीवाची सरपटणारी माणसे होती. शिवाय प्रश्न भेसळीचाही होता. लाखेची डाळ तुरीच्या डाळीत मिसळली, किंवा तिचे पीठ बेसनात घातले, तर चटकन ओळखू येत नाही. नागपूर हे डाळमिलचे गाव आणि मोठी धान्यपेठ. तेथे तूर किंवा हरभऱ्याचे दाम मोजून लाख पदरात पडण्याची भीती खरी होती. फसवून खायला घातलेल्या डाळीचे पाणी कोण ओतून देणार?

बंदीचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा वेगळा झाला. मध्य प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल या मुख्य लाख पिकवणाऱ्या राज्यांत ती तशी अमलात आलीच नाही. महाराष्ट्रात ती होती. पण नियम विक्रीचा होता, पेरणीचा नव्हता. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते. नंतर मध्ये राज्याची सीमा आली. सीमेच्या दोन्ही बाजूंना बांधीत तेच बी पडत होते. भंडाऱ्याचा शेतकरी लाख पेरत राहिला, घरी खात राहिला. उघड बाजार नसल्यामुळे त्याला भाव मात्र मिळेना. आणि उघड विकता न येणारा माल भेसळीच्या वाटेनेच बाजारात जातो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. भिजवून पाणी ओतून देण्याची माहिती सरकारी यंत्रणेने गावोगाव पोहोचवावी, तर जी वस्तू विकणे गुन्हा आहे ती कशी शिजवावी, हे सरकार शिकवणार कसे? बंदीमुळे ज्ञानाचाही रस्ता अडला.

दरम्यान डाळीचे ताटातले प्रमाण घटत गेले. सरकारी आकडेवारीप्रमाणे देशात १९६१ साली दर माणशी दररोज ६९ ग्रॅम कडधान्य उपलब्ध होते. २०११ साली ते ४३ ग्रॅमवर आले होते. ही सरासरी झाली. गरिबाच्या वाट्याला त्याहून कमी येते हे उघड आहे. हरितक्रांतीने गहू-तांदूळ वाढवले, स्वस्त धान्य दुकानातूनही मुख्यतः तेच मिळाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हक्क दिला तो तांदूळ, गहू व भरडधान्याचा, डाळीचा नाही.

नागपूरचा लढा

या पार्श्वभूमीवर नागपुरातून बंदीविरुद्ध आवाज उठला. अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या नागपूरच्या संस्थेचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी हा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला. निवेदने, उपोषणे, सभा असे सगळे मार्ग त्यांनी वापरले. विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या लाख खाल्ली जाते आणि येथे लंगड्यांची गावे दिसत नाहीत. मग गरिबाची स्वस्त प्रथिने आणि शेतकऱ्याचे बिनखर्चाचे पीक का हिरावून घेता, असा त्यांचा प्रश्न होता. (मिठात आयोडीन सक्तीचे करणाऱ्या नियमाविरुद्ध हीच संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०११ साली त्या खटल्याचा निकाल लागला.)

२००८ साली महाराष्ट्र शासनाने लाखेच्या विक्रीवरील बंदी उठवली. पण गोष्ट येथे संपली नाही. २०११ साली देशभर लागू झालेल्या नव्या अन्नसुरक्षा नियमावलीतही खेसारीच्या विक्रीवरील निर्बंधाचे कलम आले.

शेतीशास्त्रज्ञांनी या काळात तिसरा मार्ग शोधला होता. विष काढून टाकण्याऐवजी, कमी विषाचे बीच का तयार करू नये? पारंपरिक वाणांत ओडॅप साधारण ०.२ ते ०.५ टक्के, कधी त्याहूनही जास्त असतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९९७ साली ‘रतन’ हा वाण दिला. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘प्रतीक’ आणि ‘महातिवडा’ हे वाण दिले. यांत ओडॅप ०.१ टक्क्याच्या आत ठेवण्यात यश आले.

२०१५ च्या ऑक्टोबरात तुरीची डाळ २०० रुपये किलोच्या घरात गेली. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१६ मध्ये, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने या कमी विषाच्या तीन वाणांना अनुकूलता दाखवल्याच्या बातम्या आल्या आणि जुना वाद पुन्हा पेटला. काही डॉक्टरांनी विरोध केला. त्यांचा मुद्दाही सहज बाजूला सारण्यासारखा नाही. बाजारातल्या पोत्यात ‘रतन’ कोणती आणि जुनी लाख कोणती, हे डोळ्यांनी कसे ओळखणार? शिवाय शेजारच्या शेतातील जुन्या वाणाशी संकर झाला, तर दोन-चार हंगामांत बियाण्याचा गुण टिकेल का?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी गोंदिया जिल्ह्यातील काही गावांत पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोक लाख खात होते, पण रोजचे प्रमाण थोडे होते आणि रोगाची नवी लागण दिसली नाही. याचा अर्थ लाख निर्धोक झाली असा घ्यायचा, की माणसांच्या ताटात आता तांदूळ आला म्हणून धोका टळला असा? मला दुसरा अर्थ अधिक बरोबर वाटतो. स्लीमनच्या खेड्यात आणि गोंदियात दाणा एकच होता. फरक होता तो ताटातल्या इतर पदार्थांचा.

म्हणूनच ‘लाख चांगली की वाईट’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. वाटीभर, भाताबरोबर, पाणी ओतून शिजवलेली लाख आणि मजुरी म्हणून मिळालेल्या लाखेची दोन्ही वेळची भाकर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी ओतून देण्याचा उपायही प्रत्येक घराला सारखा परवडत नाही. ज्या वस्तीत नळाला तासभर पाणी येते आणि सरपण विकत घ्यावे लागते, तेथे ‘भरपूर गरम पाण्यात भिजवा’ हा सल्ला महाग पडतो. बेसन करून खाल्ले तर पाणी ओतायचा प्रश्नच येत नाही, विष तसेच राहते. गरीब वस्तीला पौष्टिक अन्न मिळवून देणे म्हणजे नुसती एक वस्तू स्वस्त करणे नव्हे. तिच्यासोबत तांदूळ, पाणी, इंधन आणि खरी माहिती हे सारे पोहोचले पाहिजे.

वर्गात काय करता येईल?

१. मुलांना घरून निरनिराळ्या डाळींचे चार-चार दाणे आणायला सांगा. आकार, रंग, कडा यांची नोंद करा. लाखेचा दाणा एका बाजूने उतरता, पाचरीसारखा दिसतो. तुरीचा दाणा गोलसर असतो. भिंगातून हा फरक चांगला कळतो.

२. मोठ्या वर्गात शिक्षकांनी स्वतः, मुलांना लांब उभे करून, हा प्रयोग करावा. परीक्षानळीत थोडी डाळ घ्या. तिच्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून नळी गरम पाण्यात पंधरा मिनिटे धरा. गुलाबी रंग आला तर लाखेची शंका घेता येते. मात्र मेटॅनिल यलो हा बेकायदा पिवळा रंगही आम्लात गुलाबी होतो. तो लगेच होतो, तापवावे लागत नाही. एका चाचणीवरून निकाल देऊ नये, हे सांगायला ही छान संधी आहे. प्रयोगातील डाळ फेकून द्यावी.

३. गणित घाला. दाण्यात ०.२ टक्के ओडॅप आहे. रोज ४० ग्रॅम डाळ खाणाऱ्याच्या पोटात किती मिलिग्रॅम जाईल? ३०० ग्रॅम खाणाऱ्याच्या पोटात किती? (उत्तरे : ८० आणि ६००.) वाण ०.१ टक्क्याचा असेल तर? भिजवण्याने तीन-चतुर्थांश विष गेले असे धरले तर? विष आणि मात्रा यांचा संबंध मुलांच्या आपोआप लक्षात येईल.

४. गावात किंवा वस्तीत पंच्याहत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा असतील, तर मुलांनी त्यांना विचारावे : तुमच्या लहानपणी कोणती डाळ खात? मजुरी पैशांत मिळे की धान्यात? दुष्काळात काय खाल्ले? डाळीचे पहिले पाणी ओतून देत होता का? पूर्व विदर्भातील शाळांना या उत्तरांतून पाठ्यपुस्तकात नसलेला इतिहास हाती लागेल.

आणि एखाद्या मुलाने ‘आमच्या घरी रोज डाळ परवडत नाही’ असे म्हटलेच, तर त्याला गप्प करू नये. आहाराचा धडा तेथूनच सुरू करावा.